वरच्या नाक्यावर दोघं

१५ नोव्हेंबर, शनिवार

हंगाम उघडला. दिवसभर वरच्या नाक्यावर बसून पाय बधिर झाले. आणि एक हरीण दिसेल तर शपथ!

नाका म्हणजे खिंडीचं तोंड. खालून मोरियासु-सान कुत्री घेऊन हाका घालतात, हरणं चढाने पळत सुटतात, ज्याच्या नाक्यातून निघतील त्याने बार काढायचा. ओढ्याच्या नाक्यावर इनादा-सान. सगळ्यात वरच्या नाक्यावर बाबा, माझे सासरे. आणि त्यांच्या डाव्या हाताला, ओल्या दगडावर, मी — नवशिकी. ओढ्याकडून बार ऐकू आले. आमच्याकडे नुसता वारा.

"तोंडाने श्वास घेऊ नकोस, वाफ दिसते," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळाने — "गुडघा हलवू नकोस." 

हे सगळं ठरलं ते गेल्या वर्षी आमच्याच घरी. तिघे जेवायला बसले होते. टोळीत माणसं उरली नाहीत, तिघांत हाका होत नाही, हरणं युझू लिंबाच्या झाडांची साल सोलून खातात, गहू म्हणू नका की देवदाराची रोपं म्हणू नका. रडगाणं चाललं होतं. कोणीतरी म्हणालं, "सूनबाई आहे की!" मी गरम साके घेऊन आत येत होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हं." दोन्ही हातांत तबक असताना माणूस नाही कसं म्हणणार?

मग परीक्षा, पोलीस, डॉक्टर, पुन्हा पोलीस. आणि आता शुहेइची बंदूक माझ्या नावावर. नवरा गेल्यावर बायकांना काय काय मिळतं. मला बंदूक आणि सासरे.

१८ नोव्हेंबर

फासे लावायला शिकले. म्हणजे, बाबांनी लावले आणि मी शिव्या खाल्ल्या.

"हा माग कधीचा?"

"सकाळचा?"

"कालचा. कडा बघ, ढासळलीय. बोट लाव! डोळ्यांनी काय बघतेस?"

फाशावर पाय पडायला हवा तर जागा आपण ठरवायची. अलीकडे एक वाळकी काटकी, पलीकडे एक. हरीण काटकीवर पाय देत नाही, मधेच देतं. बाबांचे हात काय चालतात! बघतसुद्धा नाहीत. मान वर, तोंड समोरच्या डोंगराकडे, आणि बोटं मातीत आपापली चालली आहेत. तार, झाकण, माती, वर पाला. मला एवढ्याला अर्धी सकाळ लागली आणि वर पाल्यावर माझ्याच बुटाचा ठसा!

फासे रोज बघायचे असतात. जनावर तडफडत राहिलं तर पाप आपल्याला, बाबा म्हणतात. म्हणजे आता फेब्रुवारीपर्यंत गाव सोडून कुठे जाणं नाही.

जशी काही आधी जात होते.

२३ नोव्हेंबर

अडकलं. नंतर लिहीन.

२४ नोव्हेंबर

मादी होती. कोवळी. मागचा पाय तारेत, तार झाडाला. तिने झाडाभोवती गोल जमीन उकरून काढली होती, गवताची काडी शिल्लक नाही. आम्हाला बघून उडी मारली, तार ताणली गेली, आपटली. उठली. पुन्हा उडी, पुन्हा तिथेच आपटली.

मोरियासु-सान पण आले होते. म्हणाले, "सूनबाई, घाई करू नकोस. पण वेळही लावू नकोस." आता याचा अर्थ काय घ्यायचा!

बाबा म्हणाले, "काठी. कानामागे. एकदाच."

मी मारली. हात ढिला पडला. ती ओरडली. हरणं ओरडतात हे मला माहीत होतं, असं ओरडतात हे माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा मारली तेव्हा मी डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा मोरियासु-साननी माझ्या हातातून काठी घेतली. सुरी मात्र माझ्याच हातात दिली. कुठे घालायची ते बोट धरून दाखवलं. हातावर गरम रक्त आलं — थंडीत बरं वाटलं! हे लिहायला नको होतं, पण वाटलं खरं.

 दारात बूट काढताना बाबा म्हणाले, "तीन काठ्या."

इनादा-सान पेट्रोल पंपावर भेटले. त्यांच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. "मनाला लावून घेऊ नको सूनबाई! माझ्या पहिल्या वेळी हरणाआधी मीच आडवा झालो होतो. हरीण माझ्याकडे बघत होतं, काय झालं याला म्हणून!"

संध्याकाळी वाटलं, घास उतरणार नाही. मिसोत शिजवलेलं मांस, मुळा. दोन वाट्या खाल्ल्या.

२८ नोव्हेंबर

हिमेजीहून आईचा फोन.

"अजून किती दिवस तिथे?"

"हंगाम आहे."

"कसला हंगाम! छत्तीस वर्षांची तू. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. तिथे तुझं कोण आहे?"

"बाबा आहेत."

"ते तुझे कोण?"

 बाबा शेगडीपाशी पाय शेकत बसले होते, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. मी हळूच म्हणाले, एक्याऐंशी वर्षांचा माणूस, एकटा कसा राहील? आई म्हणाली, मुलगी आहे ना मात्सुयामाला? म्हटलं, ते घर सोडत नाहीत. "मग बस तिथेच," म्हणाली. आणि फोन आपटला.

२९ नोव्हेंबर

पाऊस. फासे रिकामे.

७ डिसेंबर, रविवार

आज काहीतरी झालं. नीट लिहून काढते.

वरचा नाका. आम्ही दोघं. इथे हरीण येतच नाही असं मी धरून चालले होते. तेवढ्यात खाली कुत्री भुंकली, आवाज ओढ्याकडे वळता वळता आमच्याकडे फिरला. देवदारांतून दोन माद्या आल्या. थांबल्या. एक आमच्याकडे तोंड करून उभी, समोर, उघड्यावर! आंधळ्यालाही मारता येईल अशी.

बाबांनी रायफल उचलली आणि तशीच धरून राहिले. मला वाटलं, थांबलेत. मग ओठ न हलवता म्हणाले, "कुठे?"

मला कळेचना. समोर तर आहे!

"कुठे?"

"डावीकडे. जाड देवदाराच्या... नाही, आणखी डावीकडे. थोडं खाली."

नळी सरकली. "इथे?"

"हो."

बार. मादी जागेवर पडली.

मोरियासु-सान वर आले, नुसती टोपी काढली. इनादा-सान ओरडतच आले, "एक्याऐंशी! या वयात मला माझं तोंड आरशात सापडायचं नाही!" सगळे हसले. बाबाही हसले. माझ्याकडे बघितलं नाही.

उतरताना वाट निसरडी होती. माझ्या पाठपिशवीचा पट्टा त्यांनी मागून धरला. मला वाटलं, मी घसरू नये म्हणून.

९ डिसेंबर

दोन दिवस नुसती बघतेय. तीन वर्षं एका घरात राहून मी काय बघत होते?

चहा ओतताना अंगठा कपात बुडवतात. पोळला की थांबतात. टीव्हीपुढे तोंड तिरकं करून बसतात. मी समजत होते, मान आखडली आहे. पेपर समोर धरतात, पान उलटत नाहीत. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात.

मधलं गेलंय. कडेचं दिसतं. म्हणूनच फासे लावताना मान तशी. हात तेवढे शाबूत.

आणि त्या माणसाच्या खोलीत, कपाटात, रायफल.

१० डिसेंबर

इनादा-सानना सहज म्हटलं, बाबांची नजर थोडी मंदावली आहे का हो?

"त्याची? तो वाऱ्यावरून ओळखतो ग! डोळे आपल्यासारख्या कच्च्या लोकांना लागतात."

आणि गाडीची काच पुसू लागले.

१२ डिसेंबर

पोलीस चौकीतला चिकामात्सु आला होता. तरुण आहे, टोपी काढून दोनदा वाकतो. बाबांच्या रायफलीच्या परवान्याची मुदत संपतेय, घरच्यांना विचारपूस करायची असते. दारातच उभा राहिला. बाबा शेजारच्या खोलीत, सरकत्या दारापलीकडे.

"वहिनी, नेहमीचेच प्रश्न. चिडचिड? विसरणं? दारू जास्त?"

"नाही."

"तब्येतीत काही बदल? म्हणजे चालणं, ऐकणं, बघणं?"

दारापलीकडे बाबा खोकले. एकदाच.

मी त्याच्या बुटांकडे बघत होते. नवे कोरे बूट, चिखलात भरलेले. एवढ्या चढावर चालत आला बिचारा. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. मग रायफल जाईल. रायफल गेली की डोंगर जाईल. मग ते शेगडीपाशी बसतील आणि मी त्यांच्यासमोर बसेन, आणि दोघांना माहीत असेल की कोणी सांगितलं. किती वर्षं? दहा?

"काही बदल नाही," मी म्हणाले.

तो दोनदा वाकून गेला. आत गेले तर बाबा पेपर धरून बसले होते. म्हणाले, "थंडीत दार किती वेळ उघडं ठेवायचं?"

१४ डिसेंबर, रविवार

"कुठे?" — "उजवीकडे, दगडाशी." पडलं.

इनादा-सान म्हणाले, म्हातारा तरुण झाला! मी हरणाचे पाय बांधत होते. मान वर केली नाही.

२० डिसेंबर

बर्फ.

रात्री झोप नाही. मनात तेच — आपणच एक वाक्य गिळलं.  कोणाला सांगू? इनादा-सानना ऐकायचं नाही. मोरियासु-सान बाबांना गुरू मानतात. पोलिसाशी खोटं बोलून झालंय. आईला सांगितलं तर उद्या टॅक्सी पाठवेल.

१ जानेवारी

नणंद आली होती, नात्सुए, मात्सुयामाहून. तांदळाचे मोची, मुलांचा दंगा. शुहेइच्या फोटोपुढे तिने संत्री ठेवली. दुपारी ती आणि बाबा त्याच खोलीत हळू आवाजात बोलत होते. मी चहा घेऊन गेले तर दोघे गप्प. माझ्याबद्दल चाललं असणार! सून घरात टिकते की जाते, हेच.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, बाबांचा हट्ट तुम्हाला माहीतच आहे. माझं ऐकत नाहीत." वाटलं, हिला सांगावं. डोळ्यांचं सांगावंच. गाडीत मुलं हॉर्न वाजवायला लागली. तिने माझा हात दाबला आणि पळाली.

नव्या वर्षाची सुरुवात अशी.

११ जानेवारी, रविवार

अक्षर बघ कसं आलंय.

मोरियासु-सानचा गुडघा सुजला. सकाळी म्हणाले, "आज हाका सूनबाई घालेल. कुत्री तिला ओळखतात. उजव्या धारेने जा, म्हणजे हरणं ओढ्याकडे वळतील. वर जाऊ देऊ नकोस." मी हो म्हटलं. खुश झाले होते! मला कोणीतरी काम दिलं, शेजारी बसायचं नाही, काम. कुत्री घेऊन सुटले. अर्ध्या वाटेत आल्यावर माझ्या डोक्यात आलं की बाबा वरच्या नाक्यावर एकटे आहेत.

मनाला समजावलं, हरणं ओढ्याकडे जाणार आहेत. पण उजव्या धारेवर बर्फाने बांबू आडवे झालेले, जाळं नुसतं, कुत्रीसुद्धा शिरेनात. मी डावीकडून चढले. कुत्री भुंकत सुटली आणि पुढे एक नर उठला, मोठा, शिंगांवर बर्फ. तो सरळ वर. मी त्याच्या मागे, ओरडत, हाका घालत — शिकवलं होतं तसं! मग झाडी विरळ झाली आणि मला खिंडीचं तोंड दिसलं. त्यात बाबांची केशरी टोपी. नर त्यांच्या आणि माझ्या मधे. त्याने बाजूला उडी मारली आणि मधे कोणीच उरलं नाही. मी तेवढी. अंगात केशरी जाकीट, हातात वॉकीटॉकी. बटणावर बोट जाईपर्यंत —

आवाज नंतर आला. आधी माझ्या डोक्याशेजारचा देवदार फुटला. सालीचा तुकडा गालात शिरला. मी बर्फात तोंड खुपसून पडून राहिले. कुत्री माझा कान चाटत होती.

वॉकीटॉकीत बाबांचा आवाज. "लागला का?"

मी श्वास गोळा केला.

"लागला का?"

"नाही बाबा. चुकला."

इनादा-सान हसले, खरखर आवाज आला, "म्हाताऱ्याने झाड मारलं वाटतं! सरपण झालं!" मोरियासु-सान हसले नाहीत. मी हसले. बटण दाबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "गालाला काय?" म्हणजे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. "बांबू," मी म्हणाले.

१३ जानेवारी

गाल ठणकतोय. फासे रिकामे. मी ते बघून येते, स्वयंपाक करते, आंघोळीचं पाणी तापवते. त्यांच्यासमोर बसते.

१५ जानेवारी

मोरियासु-सानच्या छपरीत गेले. ते कातडं ताणत होते. मी सगळं सांगितलं, एका दमात. "कुठे?"पासून देवदारापर्यंत. ते खिळे ठोकत राहिले. मग हातोडी ठेवली.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"डोळ्यांचं. दोन हिवाळे झाले. म्हणून तर त्याला वरचा नाका दिला. हाका तिकडे जाऊच देत नाही मी. कधी चुकून गेला तर शेजारी तू."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "म्हणून मला घेतलंत? हरीण मारायला नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवायला?"

"दोन्ही."

"आणि रविवारी?"

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. म्हातारे दिसले एकदम. "माझी चूक. वाटलं, आपण सांगितलंय तशीच ती जाईल. तू जास्त चांगली निघालीस."

मी म्हटलं, आता तुम्हीच बोला त्यांच्याशी. तर मान हलवली. "मला नाही जमायचं. मी सोळाचा होतो, त्याने माझ्या खांद्याला बंदूक लावली. त्याला मी कसं सांगू, ठेव म्हणून? तू सांग. तू घरची आहेस."

घरची! हो. तबक हातात असलेली.

"मला गोळी लागली असती तर?" मी विचारलं.

ते खाली वाकले. कपाळ कातड्याला लागेल इतके वाकले, आणि मी बाहेर पडेपर्यंत वर उठले नाहीत. राग करायलाही जागा ठेवली नाही.

१६ जानेवारी

बोलले नाही.

१७ जानेवारी

आजही नाही. दुपारी तोंड उघडलं होतं. ते म्हणाले, "उद्या लवकर निघू. वारा पडेल." आणि रायफल पुसायला बसले. चिंधी कशी अलगद फिरवत होते. मी कोबी चिरायला गेले.

१८ जानेवारी, रविवार

सांगितलं!

सकाळी, न्याहारीला. जाकिटं घालून बसलो होतो. मिसोचं सार, भात, मुळ्याचं लोणचं. माझा आवाज माझाच वाटेना.

"बाबा, मागच्या रविवारची गोळी माझ्या डोक्याशेजारून गेली."

चॉपस्टिक थांबल्या.

"किती शेजारून?"

मी हात वर करून दाखवलं, एवढं. आणि लक्षात आलं — कोणाला दाखवतेय? उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्याशेजारी बसले, त्यांचा हात धरला आणि माझ्या गालावर ठेवला. खपलीवर. त्यांची बोटं थांबली, मग हळूहळू फिरली, खपलीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. माग तपासतात तशी. मला वाटलं, आता म्हणतील, कधीचा?

त्यांनी हात काढून घेतला. म्हणाले, "भात गार होतोय."

मग उठून फोनपाशी गेले. "मोरियासु? आज आम्ही येत नाही. सुनेला ताप आहे."

आणि दिवसभर डोंगराकडे पाठ करून बसले.

१९ जानेवारी

 रायफलीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात असते. मी रात्रभर कान लावून पडले होते. काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

२० जानेवारी

सकाळी बघते तर बाबा चांगला कोट घालून दारात. शुहेइच्या लग्नातला — म्हणजे माझ्याही. रायफल पिशवीत बांधलेली. "गाडी काढ. चौकीवर जायचंय."

चिकामात्सु शेंगदाणे खात होता, उभाच राहिला. बाबांनी रायफल टेबलावर ठेवली. तिची जागा आधी हाताने चाचपली, मग ठेवली.

"ही घ्या. परवाना नको आता."

"पण आजोबा, मी तर अर्ज पुढे पाठवलाय. काही अडचण...?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं तो काय आठवतोय. कान तापले.

"सुनेकडे बघू नका," बाबा म्हणाले. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे! "त्या दिवशी तुम्ही तिला विचारलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत खोकत होतो. सासरा खोकला की सुना काय बोलणार?"

चिकामात्सुने कागद काढले. सही कुठे करायची ते बाबांना सापडेना. मी बोट ठेवलं. त्याने ते बघितलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. चांगला पोरगा आहे.

येताना गाडीत मी म्हटलं, "बाबा, माफ करा." त्यांनी खिडकीची काच खाली केली. थंड वारा आत आला. "पुढच्या वळणावर हरणं ओलांडतात. हळू घे," म्हणाले.

२५ जानेवारी

शिकारीला गेले नाही. बाबा दिवसभर शेगडीपाशी. पेपर नाही, टीव्ही नाही. माझं भाकीत खरं ठरलं — समोरासमोर आम्ही दोघं. बाहेर बर्फ, दार घट्ट. श्वास पुरत नाही या घरात.

१ फेब्रुवारी, रविवार

बाबांनीच ढकललं. "जा. मोरियासु एकटा काय करेल? आणि इनादाच्या भरवशावर तर हरणं म्हातारी होऊन मरतील."

वरच्या नाक्यावर एकटी बसले. तोंड मिटून श्वास. गुडघा हलवला नाही. मादी आली ती चालतच, कुत्र्यांच्या बरीच पुढे. मी कोणाला विचारलं नाही. नेम धरला, बार काढला. ती चार ढांगा गेली, बसली, मग पडली. मी जवळ गेले तेव्हा डोळा उघडा होता आणि त्यात काही नव्हतं. मी दोन्ही हात जोडले. डोळे मिटले नाहीत या वेळी. आतून कुठूनतरी आलं, आनंदासारखंच काहीतरी. सांगायलाही लाज वाटते!

घरी आणलं. बाबा अंगणात आले, बर्फात गुडघे टेकले, हरणावरून हात फिरवला. मानेपासून खाली, फासळ्या मोजत. बोट भोकात गेलं.

"चार बोटं मागे."

"हो."

"पण एकदाच."

"हो."

इनादा-सान म्हणाले, "अहो, शाबास तरी म्हणा!"

"म्हटलं की," बाबा म्हणाले.

८ फेब्रुवारी

जेवताना बाबांनी सांगून टाकलं — हंगाम संपला की ते नात्सुएकडे जाणार. मात्सुयामाला. कायमचे.

मी भात वाढत होते. पळी हातातच राहिली. म्हटलं, "घर?"

"घर आपलं राहील इथेच. कुठे पळतंय?"

"आणि मी?"

"तू आईकडे जा. किंवा राहा. तुझं तू बघ."

तुझं तू बघ! तीन वर्षं त्यांच्या मागेपुढे केलं, आईची बोलणी खाल्ली, पोलिसाशी खोटं बोलले, गोळी खायची राहिले — आणि रायफल गेल्याबरोबर यांना मुलगी आठवली. बक्षीस! मी सांगायला नको होतं. की सांगितलं म्हणूनच टाकून चाललेत?

मोकळं वाटायला हवं. दार उघडलंय तर बाहेर पडता येत नाही, असं काहीतरी झालंय.

१४ फेब्रुवारी

त्यांचे कपडे भरले. 

१५ फेब्रुवारी

हंगाम बंद. फासे काढून आणले, घासून तेल लावलं. बाबांनी प्रत्येक तार बोटांतून ओढून बघितली. एक बाजूला टाकली, "ही मोडणार." बरोबर होतं.

१६ फेब्रुवारी

नात्सुए गाडी घेऊन आली. मी पेटी उचलून डिकीत ठेवत होते. ती हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही काय सांगितलंत त्यांना? माझ्याकडे दोन वर्षं खोली तयार आहे. डोळ्यांचं कळलं तेव्हाच यायला निघाले होते. मग म्हणाले, शुहेइची बायको एकटी पडेल, तिला जायला जागा नाही, घरात नुसती बसून असते. तिला डोंगर शिकवतो, पायावर उभी राहिली की येतो. दर नवीन वर्षाला मी भांडायचे. तिच्यासाठी थांबलोय, एवढंच म्हणायचे."

पेटी माझ्या हातातून डिकीत पडली. मी पुढे गेले. बाबा गाडीत बसले होते, कोट घालून, नीट समोर बघत. काच ठोठावली. खाली झाली.

"बाबा, मी तुमच्यासाठी थांबले होते."

ते माझ्या कानाकडे बघत राहिले.  माझ्या तोंडून काय निघालं ते मलाही सांगता यायचं नाही.

"रडतेस की हसतेस?" त्यांनी विचारलं. "सांग ना. मला दिसत नाही."